चोरांच्या बाजूनं बाबा

दादाचा पाय मोडला नसता तर आमच्या घरात चोर आले नसते.

नवं शतक सुरू होऊन एक-दोन वर्षं झाली होती. दादा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दिवाळीनंतर मोटारसायकल घसरून त्याची नडगी मोडली आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून तो नाशिकला, इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसमध्ये, हॉलमधल्या दिवाणावर येऊन पडला. त्याच सुमारास बाबाही घरी बसले होते. त्यांचं काही मोडलं नव्हतं, ते फक्त रिटायर झाले होते. दोघांपैकी जास्त कण्हत कोण होतं हे आज सांगणं अवघड आहे.

बाबा सरकारी नोकरीत वजनमापे निरीक्षक होते. म्हणजे बाजारात जायचं, दुकानदारांचे आणि व्यापाऱ्यांचे काटे तपासायचे, वजनांवर सरकारी शिक्का आहे की नाही बघायचं, आणि कुणी काटा मारताना सापडला की तो काटा जप्त करून त्याच्यावर केस करायची. हे काम पुस्तकात जसं लिहिलंय तसंच ते करत. त्यामुळे आमचं बिऱ्हाड सारखं हलत असे. मी पहिलीत घोटीला होते, चौथीत पिंपळगावला, सहावीत नामपूरला. नामपूरच्या शाळेत मुली ‘शे’ म्हणायच्या आणि मी ‘आहे’ म्हणायचे, म्हणून सुरुवातीला मी बोलतच नसे. मग हळूहळू मीही ‘शे’ म्हणायला लागले, आणि तेवढ्यात आमची पुन्हा बदली झाली.

घरात या बदल्यांचा उल्लेख मानपत्रासारखा व्हायचा. “हे कुणाला झेपत नाहीत ना,” असं आई पाहुण्यांना सांगायची. बाबा त्यावर फक्त चष्मा काढून पुसत. व्यापाऱ्याकडचा चहासुद्धा ते घेत नसत. द्राक्षांच्या सीझनमध्ये कुणी दाराशी पेटी ठेवून गेलं, तर आई ती रिक्षात घालून स्वतः परत करून यायची. सबंध जिल्हा द्राक्षांवर जगत होता आणि आम्ही द्राक्षं पावशेरानं विकत घेऊन खात होतो.

रिटायर झाल्यावर बाबांनी घरातलं तपासण्यासारखं होतं ते सगळं तपासलं. गॅसचं सिलिंडर आलं की ते वजन करून घेत. दूधवाल्याचं माप त्यांनी उलटं करून त्याचा तळ पाहिला, तेव्हा तो दूधवाला गेला. दुसरा आला, तोही गेला. शेवटी आई म्हणाली, “आता पिशवीचं दूध घेऊ या. तिच्यावर छापलेलं असतं.” त्यानंतर बाबांना काही काम उरलं नाही. पेपर वाचून झाला की ते अंगणात खुर्ची टाकून बसत आणि समोरून जाणाऱ्या भाजीच्या हातगाडीकडे अशा नजरेनं बघत, की गाडीवाला आमच्या गल्लीत ओरडायचाच बंद झाला. आईला कोथिंबिरीसाठी पुढच्या चौकापर्यंत जावं लागे.

दादाच्या सामानात एक खोका होता. त्याच्या कंपनीतला एक जर्मन साहेब मायदेशी परत जाताना, सामानात मावल्या नाहीत त्या वस्तू वाटून गेला. कुणाला मिक्सर मिळाला, कुणाला गालिचा. दादाच्या वाट्याला हा खेळ आला. आत बोटाच्या पेराएवढ्या, राखाडी प्लास्टिकच्या छोट्या छोट्या मूर्ती होत्या. चिलखत घातलेले सरदार, लांब दाढीचे मांत्रिक, कुऱ्हाडी घेतलेले बुटके, आणि डोक्यावरून झगा पुढे ओढून घेतलेले चोर. टेबलावर गाव मांडायचं, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजून आपली माणसं पुढे सरकवायची आणि समोरच्याची मारायची, असा एकूण प्रकार. प्रत्येक टोळीला स्वतःच्या काही विशेष क्षमता. सरदार मुसंडी मारू शकत, मांत्रिक लांबून आग फेकत, बुटक्यांना भिंत पाडता येई.

मी तेव्हा कॉलेज रोडवर एका आर्किटेक्टकडे इमारतींची मॉडेलं बनवण्याच्या नोकरीला होते. कटर, माउंटबोर्डचे जाड पुठ्ठे, रंग सगळं हाताशी होतं. मी दिवाणाजवळ ओढलेल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर तटबंदी, वेस, विहीर आणि बाजारपेठ उभी केली, आणि सगळ्या मूर्ती रंगवून काढल्या. आई आम्हाला जमिनीवर ताटं देऊ लागली. प्लास्टर असलेल्या मुलाला ताट दिवाणावरच. ती म्हणाली, “एवढा शिकून हा बाहुल्या खेळतोय, पण निदान ओरडत तरी नाही.”

अडचण चोरांची होती. नियमांचं पुस्तक मूळ नव्हतं, झेरॉक्स होती, आणि तिच्यात नेमकी चोरांची पानं नव्हती. दादानं त्यावर अपेक्षित तो विनोद केला. मी सायबर कॅफेत जाऊन शोधायचा प्रयत्न केला, पण त्या काळात एक पान वरून खाली उघडत यायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात लाइट जात. मी पाहिला तो फक्त एक झगा आणि त्यातून बाहेर आलेलं नाक. तेव्हा चोर खोक्यातच राहिले, आणि आम्ही भाऊ-बहीण उरलेल्यांना एकमेकांवर घालू लागलो.

बाबा येता-जाता बघत. विचारत काही नसत. एकदा मात्र ते खोक्यापाशी थांबले आणि त्यांनी एक मूर्ती उचलून खिडकीकडे धरली.

“हे कोण?”

“चोर,” दादा म्हणाला.

“मग हे का खेळत नाहीत?”

“त्यांचे नियम नाहीयेत आपल्याकडे.”

“चोरांना नियम नाहीत?” बाबांना खरोखरच धक्का बसला. “अरे, सगळ्यात जास्त नियम चोरांनाच पाठ असतात.”

त्यांनी खुर्ची ओढली, फुलस्केप कागद मागितले आणि बॉलपेन झटकलं. रिटायर झाल्यापासून मी त्यांच्या हातात पेन पाहिलं नव्हतं. दादानं खेळाच्या एकंदर रीतीला धरून काही क्षमता सुचवल्या. चोर अंधारात दिसेनासा होतो. चोर पाठीमागून सुरा मारतो. चोर दोरी टाकून तट चढतो.

“कुठला चोर अंधारात येतो?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे काय बाबा? सगळेच.”

“सगळ्या नोकरीत मी अंधारात एक चोर बघितला नाही. सगळे दिवसाढवळ्या, गादीवर बसलेले. मागे देवाचा फोटो, उदबत्ती लावलेली. मला बघून उठून उभे राहायचे. या साहेब, बसा साहेब. आणि दोरी कशाला टाकेल तो? वेशीतून येईल. वेशीवरच्या माणसाच्या मुलाचं बारसं जेवून आलेला असेल तो.”

दादानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आणि चोरांच्या विशेष क्षमता बाबांनी त्यांना येत होत्या त्या एकमेव मराठीत लिहायला घेतल्या. ती सरकारी मराठी होती. ‘चोर हा शत्रूपासून एक वीत अंतराचे आत सलग दोन फेऱ्या उभा राहिल्यास, सदर शत्रूस तो ओळखीचा वाटू लागेल व त्यानंतर त्याजवर वार करण्यास शत्रूस संकोच होईल.’ या क्षमतेचं नाव त्यांनी ‘ओळख’ ठेवलं. दुसरीचं नाव होतं ‘आदरातिथ्य’. तिच्यात चोर समोरच्याला काहीतरी देऊ करतो आणि समोरच्यानं ते नाकारलं तरी नाकारण्यात त्याची एक फेरी जाते. आणखीही होत्या. एका चोराला पकडलं, तर शेजारच्या दोन चोरांनी आपण त्याला कधी पाहिलेलंच नाही असं सांगायचं. मग फासा टाकायचा.

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा चार घटका वेळ जाईल. पण चोरांच्या बाजूनं बाबा खेळायला बसले आणि दादाचे सरदार पहिल्याच डावात नामशेष झाले. ते मुसंडी मारायला निघत आणि समोर ओळखीचा माणूस बघून थांबत. माझे मांत्रिक तर आदरातिथ्यातच संपले. बाबांचा चेहरा उजळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर न उघडता दादाला उठवलं.

‘बदली’ त्यांनी मागाहून घातली. आम्हाला न सांगता, तळटीप म्हणून. एका डावात दादाच्या मुख्य सरदारानं वेशीवर ठाण मांडलं होतं, बाबांचे तीन चोर त्यानं कापले होते आणि चौथ्याकडे वळला होता. बाबांनी त्याला शांतपणे उचललं आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, मिठाच्या बरणीपाशी नेऊन ठेवलं.

“हे काय?” दादा ओरडला.

“बदली. चोरांना डावात एकदा करता येते. समोरचा सगळ्यात प्रामाणिक माणूस उचलायचा.”

“तो सगळ्यात प्रामाणिक आहे हे कुणी ठरवलं?”

“सगळ्यात जास्त त्रास तोच देतोय ना?”

स्वयंपाकघरात आईची लाटणं फिरवायची लय तुटली आणि मग पुन्हा सुरू झाली. त्या सरदाराला परत वेशीपर्यंत यायला उरलेला डाव लागला, आणि तो आला तेव्हा गावात बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मिठाच्या बरणीला आम्ही नामपूर म्हणायला लागलो.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मॉडेलं बनवणाऱ्याची नजर मिलिमीटरची असते. बाबा टेपनं अंतर मोजत, मूर्ती बरोबर तिथेच ठेवत, आणि मग दादाला विचारत, “चहा टाकायला सांगू?” दादा मान वर करून ‘हो’ म्हणेपर्यंत चोर अंगठ्याच्या रुंदीएवढा पुढे गेलेला असे. प्रत्येक फेरीला एक अंगठा. मी दादाला सांगितलं. पुढच्या खेपेला दादानं मान वर न करताच ‘हो’ म्हटलं, आणि त्याला तो अंगठा दिसला.

“बाबा! तुम्ही काटा मारताय!”

आमच्या घरात याहून मोठा आरोप नव्हता. आई हात पुसत बाहेर आली. बाबांचे कान लाल झाले, पण त्यांनी चोर मागे घेतला नाही.

“ती चोरांची क्षमता आहे,” ते म्हणाले.

“कुठे लिहिलीय? दाखवा.”

“लिहिली तर तुला कळेल. कळली तर ती क्षमता कसली?”

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. आयुष्यभर एसटीत सुट्टे परत द्यायला कंडक्टरमागे धावलेला हा माणूस आता प्लास्टिकच्या चोराला अंगठ्यानं पुढे ढकलत होता. दादा नंतर मला हळूच म्हणाला, “राहू दे. झोपतायत तरी नीट.” म्हणून आम्ही राहू दिलं.

जानेवारीत एका सकाळी दाराशी जीप थांबली. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, टोपी घातलेला एक स्थूल माणूस एका हातात लग्नपत्रिका आणि काखेत द्राक्षांची पेटी घेऊन उतरला. बाबा उठून उभे राहिले. त्यांच्या उठण्यावरूनच मी ओळखलं की हा तो.

त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले होते. निफाडकडचा कांद्याचा व्यापारी. शेतकऱ्याकडून माल घ्यायला एक काटा आणि पुढे विकायला दुसरा, असे दोन काटे त्याच्या वखारीत होते. दोन्ही बाबांनी जप्त केले. त्यानंतर लवकरच आमची नामपूरला बदली झाली. ती त्यानंच करवली, ही आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की गोष्ट होती. त्याला नाव असं नव्हतंच, आम्ही त्याला ‘दोन काटेवाला’ म्हणायचो.

“साहेब, वळखलं का?” तो म्हणाला. “नातीचं लगीन काढलंय. यावंच लागंल. वहिनी, तुमीबी.” आणि पेटी त्यानं टीपॉयवर ठेवली.

आई सवयीनं पेटी उचलायला पुढे झाली.

“थांबा वहिनी,” तो म्हणाला. “साहेब रिटायर झाले. म्या धंदा पोराच्या गळ्यात घातला. आता ही लाच नाय. नुसती द्राक्षं हायेत.”

सगळे बाबांकडे बघायला लागले. हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात नव्हता. ते इतका वेळ विचार करत राहिले की शेवटी दादानं दिवाणावरूनच खाकरून त्यांना जागं केलं.

“ठेवा,” बाबा म्हणाले.

चहा आला. काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे पाहुण्याचं लक्ष टेबलाकडे गेलं आणि आमची सुटका झाली. तो उठून टेबलाभोवती फिरला. वेस, विहीर, बाजारपेठ त्यानं वाकून पाहिली. बाजारपेठ पाहून तो खूश झाला.

“कुनी केलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

“गुनाची पोर. आन ही मानसं कोन? ह्यो झगेवाला?”

“चोर,” बाबा म्हणाले. “मी त्यांच्या बाजूनं आहे.”

पाहुण्यानं त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा आहे का हे तो अजमावत असावा. मग त्यानं विचारलं, “आन हे चिलखतवाले?”

“सरदार. राज्याचे रक्षक. कायदा पाळतात,” दादानं सांगितलं.

“मग म्या हे घेतो.”

त्याला पत्रिका वाटायला पुढे सिडकोत आणि सातपूरला जायचं होतं. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत राहिला आणि हा माणूस दादाकडून नियम समजून घेत राहिला. एकही नियम त्याला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. ‘आदरातिथ्य’ ऐकून तो मान हलवत म्हणाला, “बराबर लिवलंय.” ‘ओळख’ ऐकून म्हणाला, “एक वीत लय झाली साहेब, चार बोटं पुरतात.” बाबांनी फुलस्केपवर दुरुस्ती केली.

मग डाव सुरू झाला. त्यानं सरदार असे चालवले, जसे आम्ही कुणीच चालवले नव्हते. घाई नाही, मुसंडी नाही. प्रत्येक चाल तो मोजून, टेप पुन्हा लावून, आम्हाला दाखवून करी. चोरांनी देऊ केलेलं तो पहिल्याच फेरीत घेऊन टाकी, त्यामुळे त्याची फेरी वाया जात नसे. बाबांनी ती शक्यता नियमात धरलीच नव्हती. चोरांची पीछेहाट व्हायला लागली. बाबांनी चोर सरकवला आणि म्हणाले, “आणखी थोडा चहा?”

“साहेब,” तो टेबलावरून नजर न काढता म्हणाला, “अंगठा.”

बाबांनी चोर मागे घेतला. आमच्यासाठी त्यांनी कधी घेतला नव्हता. दादानं उशीत तोंड खुपसलं.

अशी अडचण झाल्यावर बाबांनी हुकमी पान काढलं. पाहुण्याचा मुख्य सरदार त्यांनी वेशीवरून उचलला आणि मिठाच्या बरणीपाशी नेऊन ठेवला.

“हे काय झालं?” पाहुण्यानं विचारलं.

“बदली,” बाबा म्हणाले. आवाज शांत होता, पण त्यांनी ही वेळ किती वर्षं मनात खेळवली असेल ते त्या शांतपणातच दिसत होतं. “चोर करतात. तुम्हाला माहीत असेल.”

“त्या बरणीला आम्ही नामपूर म्हणतो,” दादा म्हणाला. त्याला राहवलं नाही.

पाहुणा त्या सरदाराकडे वळला. मग खुर्चीत मागे टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“साहेब, तुमाला वाटलं ती बदली म्या केली?”

बाबांनी हातातला फासा टेबलावर ठेवला.

“आवं, आमी तर ती थांबवायला गेल्तो. म्या, आन बाजारातले धा-बारा जन. जीप करून गेलो. पुढाऱ्याच्या घरी ओट्यावर बसून ऱ्हायलो. म्हनलं, ह्या साहेबांना हलवू नका.”

“का?” हे आईनं विचारलं.

“वहिनी, साहेब केस करायचे. एक केस, एक पावती, विषय संपला. पुन्हा चूक केली तर पुन्हा केस. हिशोब लागायचा मानसाला. त्यांच्या जागी जे आले ना, त्यांना आमचे काटे कसे हायेत याच्याशी काय देनंघेनं नव्हतं. काटा खरा असला तरी त्यांचं पोट तेवढंच. तुमी परवडत होता साहेब. खोटं कशाला सांगू? तुमी गेलात तवा बाजारात लोकं हळहळली.”

“मग बदली कुणी केली?”

“ते कुनालाच कळलं नाय. पुढारी म्हनला, वरून आलीया. वर इचारलं तर म्हनले, खालून गेलीया.”

तो डाव पुरा झाला नाही. ड्रायव्हर आत येऊन उभा राहिला. पाहुण्यानं टोपी घातली, आईला पुन्हा लग्नाला यायला सांगितलं आणि गेला. जाताना त्यानं बरणीपाशी उभ्या असलेल्या सरदाराला हळूच बोट लावून सरळ केलं.

“खोटारडा मेला,” दार लावून आई म्हणाली.

“नाही,” बाबा म्हणाले. “आता त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही.”

त्यानंतर ते कितीतरी दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत. अंगणातल्या खुर्चीत बसून राहत. भाजीवाला हातगाडी घेऊन दारावरून ओरडत गेला तरी ते बघत नसत, ही कोथिंबिरीच्या दृष्टीनं सोय झाली, पण आईला ते आवडलं नाही. चोरांना आपण नकोसे होतो या समजुतीवर या माणसानं अख्खी नोकरी काढली होती. आता कळलं की चोरांना ते हवे होते. मग नको कुणाला होते? मी एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“कुणाची तरी सोय असेल,” ते आपण होऊन म्हणाले. “कुणाच्या बायकोचं माहेर पिंपळगावला असेल. एखाद्या क्लार्कची यादीत ओळ चुकली असेल. ऑर्डरमध्ये काय लिहिलं होतं माहितेय? ‘प्रशासकीय कारणास्तव’. मी तेव्हा वाचलं आणि हसलो होतो. म्हटलं, बघा, खरं कारण लिहायची हिंमत नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तेच खरं कारण असेल, असं मनात आलं नाही.”

द्राक्षं तोवर फ्रिजमध्येच होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती स्वतः बाहेर काढली, धुतली, एक घड दादाला दिला, एक मला दिला, आणि उभ्यानंच खायला लागले. “गोड आहेत,” ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप मागवले. चोरांच्या यादीतून बदली त्यांनी काट मारून काढून टाकली आणि सर्वसाधारण नियमांत नवीन कलम घातलं. ‘प्रत्येक फेरीचे आरंभी फासा टाकण्यात यावा. सहा पडल्यास, कोणत्याही बाजूची कोणतीही एक मूर्ती डोळे मिटून उचलावी व प्रशासकीय कारणास्तव टेबलाच्या कोणत्याही कोपऱ्यात ठेवावी. याबाबत कोणासही खुलासा मागता येणार नाही.’

खेळ त्यामुळे बिघडेल असं आम्हाला वाटलं होतं. तो सुधारला. चोरही मिठाच्या बरणीपाशी जायला लागले. एकदा बाबांचा सगळ्यात तरबेज चोर बदलून थेट माझ्या मांत्रिकांच्या मांडीवर येऊन बसला, तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लग्नाला आम्ही गेलो. हायवेवरच्या मोठ्या लॉन्सवर मांडव होता. व्यापाऱ्याच्या दारात पाणीही न प्यायलेले बाबा पंगतीत बसले, आणि दोन काटेवाला स्वतः बुंदी घेऊन वाढायला आला. नंतर हाताला धरून त्यांना तो सगळ्या मांडवातून फिरवत राहिला. “हे आमचे साहेब,” तो ज्याला त्याला सांगे. “यांनी माझे दोन्ही काटे धरले होते. दोन्ही!” त्याच्या सुरात असा अभिमान होता, जणू ते काटे कुठल्या प्रदर्शनात पहिले आले होते. टोप्या घातलेले म्हातारे उठून बाबांना नमस्कार करत होते. “मला बी धरलं होतं,” एक जण म्हणाला. “माझा फक्त दंड झाला,” दुसरा जरा कमीपणा वाटल्यासारखा म्हणाला. बाबा अवघडून उभे होते. त्यांना असा निरोपसमारंभ खात्यातून मिळाला नव्हता.

एप्रिलच्या आत दादाचं प्लास्टर निघालं आणि तो पुण्याला गेला. खेळ राहिला. धंदा पोराच्या गळ्यात घातला तरी दोन काटेवाल्याचं वखारीत बसणं सुटलं नव्हतं. बाजार बंद असेल त्या दिवशी त्याची जीप दाराशी यायची, आणि मग दुपारभर हॉलमधून फाशांचा आवाज आणि टेप मिटल्याचा सर्र आवाज येत राहायचा. दोन काटेवाला शेवटपर्यंत सरदारांच्याच बाजूनं खेळला. एकदा बाबांनी त्याला आपले चोर देऊ केले, तर त्यानं हात जोडले.

“का हो?” मी विचारलं. “तुम्हाला तर जमतील.”

“जमतील की,” तो म्हणाला. “पन सुट्टीच्या दिवशी बी तेच काम?”

पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याला जीपमध्ये चढणं होईना. तेव्हा बाबाच खोका पिशवीत घालून एसटीनं त्याच्याकडे जायला लागले. माउंटबोर्डची वेस पिशवीत मावत नसे, म्हणून तिकडे ते दोघं वखारीतल्या रिकाम्या गोण्या घड्या घालून तट उभा करत. संध्याकाळी बाबा घरी आले की आई विचारायची, “कोण जिंकलं?”

“निकाल नाही लागला,” बाबा चपला काढत सांगत. “पुढची तारीख पडलीय.”